टूरिंग बाइकची ताकद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला. आवाज छान येतो, एकटा असताना गाडी पळतेही. पण डबल सीट आणि सामान घेऊन चढावर पूर्वीपेक्षा लवकर गिअर उतरवावा लागतो. असं का?

कारण तुमचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ओढ, मधल्या फेऱ्यांतून (इंजिनाच्या मधल्या वेगातून) गेला आणि वर थोडा वाढला. एकटं पळवताना आपण इंजिन आपसूक वर नेतो, म्हणून ते जाणवलं नाही. चढावर 2,500 आरपीएमला (मिनिटाला 2,500 फेरे) थ्रॉटल उघडलात तेव्हा उघडं पडलं.

एक्झॉस्ट म्हणजे नुसती धूर बाहेर टाकायची नळी नव्हे. व्हॉल्व्ह उघडला की पाइपातून दाबाची लाट धावते आणि टोकाला आपटून परत येते. अगदी मोकळ्या, जाड पाइपात ती कमी फेऱ्यांना नको त्या वेळी परतते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणी जळालेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये शिरतो, आणि ताज्या मिश्रणाची जागा तोच खातो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. हवा वाढली, पण ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, किती पेट्रोल सोडायचं ते सांगणारा तक्ता जुनाच राहिला. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण 14.7 ला 1 (14.7 भाग हवा, 1 भाग पेट्रोल) च्या आसपास सांभाळून घेतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की बहुतेक गाड्यांत कारभार तक्त्यावर चालतो, आणि तिथे ताकदीसाठी 13 ला 1 च्या जवळचं मिश्रण लागतं. आधी मॅपिंग करून घ्या, म्हणजे तो तक्ता नव्या हवेप्रमाणे बदलून घ्या. मग आतल्या बॅफलसकट (वायूला अडवणाऱ्या नळीसकट) सायलेन्सर लावून तोच चढ पुन्हा चढा. बॅफल काढून फेकला असेल तर शोधा, त्याचा उपयोग होता!

प्रश्न : कॅम बदलायचा आहे. दोन पर्याय आहेत, त्यातल्या एकाची अश्वशक्ती बरीच जास्त आहे. तोच घेऊ ना?

नको. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा; कोणत्या फेऱ्यांना किती टॉर्क मिळतो त्याचा आलेख बघितल्याशिवाय तरी नको.

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा, 9,549 ने भागा, किलोवॅट मिळतात. समजा पहिला कॅम 3,000 ला 140 न्यूटन मीटर देतो आणि 5,500 ला 105. दुसरा दोन्हीकडे 120. वरच्या टोकाला दुसरा 69 किलोवॅट देतो, पहिला साधारण 60. जाहिरातीत हाच आकडा छापतात. पण 3,000 ला पहिला 44 आणि दुसरा जेमतेम 38. आता सांगा, सामान लादलेली टूरिंग बाइक दिवसातून किती वेळ 5,500 वर असते?

कॅमच्या कागदावर मी सगळ्यात आधी एकच ओळ शोधतो : इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) आणखी काही अंश फिरेपर्यंत तो उघडाच असतो. वेगात आत येणारी हवा स्वतःच्या जोरावर घुसत राहते, म्हणून उशिरा बंद करणं वरच्या फेऱ्यांना फायद्याचं. कमी फेऱ्यांना हवेला तेवढा जोर नसतो, मग पिस्टन तिलाच मागे ढकलतो. खरं कॉम्प्रेशन व्हॉल्व्ह मिटल्यावरच सुरू होतं. मोठ्या व्ही-ट्विनमध्ये (V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात) तळानंतर 30-35 अंशांवर मिटणारा कॅम ओढीसाठी बरा. 45 च्या पुढे गेलात की इंजिन वर फिरवायची तयारी हवी, आणि सहसा कॉम्प्रेशनही वाढवावं लागतं.

लिफ्ट जास्त असलेला, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम टाकताना व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, ते बघायलाच हवं. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती पिस्टनच्या डोक्यावर थापा, हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) बसवा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. हेड काढून मातीतला ठसा ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागी मोजा. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरलं तर मी तो कॅम लावत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची वेटोळी पूर्ण लिफ्टला एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

प्रश्न : माझ्याकडे हार्लेचं जुनं ट्विन कॅम 88 (88 घनइंची) इंजिन आहे. बोअर वाढवून ते 95 घनइंची करावं का?

करा, हा या इंजिनाचा जुना आणि शहाणा बदल आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) 95.3 वरून 98.4 मिलिमीटर होतो, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 101.6 च राहतो, आणि 1,450 सीसीचं इंजिन साधारण 1,550 चं होतं. क्रँक उघडावा लागत नाही. सपाट पिस्टन आणि तेच हेड ठेवलं तर कॉम्प्रेशनही आपोआप चढतं : आधी 9 ला 1 असेल तर साडेनऊच्या घरात.

पण त्याआधी कॅम कव्हर उघडा. 1999 ते 2006 च्या टूरिंग मॉडेल्समध्ये कॅमच्या साखळीला स्प्रिंगचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) आहे आणि साखळी प्लास्टिकच्या पट्टीवर घासत फिरते. 2007 पासून तो हायड्रॉलिक आला. एकदा मी घाईत ती पट्टी न बघताच सिलिंडर चढवले. काही महिन्यांनी ऑइल प्रेशरचा काटा खाली राहू लागला. कव्हर काढलं तर पट्टीला साखळीने चर पाडले होते आणि तिचा भुगा ऑइल पंपात. नवे पिस्टन वाचले ते नशिबाने. तेव्हा पट्ट्या आणि कॅमची आतली बेअरिंग आधी, बोअर नंतर.

प्रश्न : जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर ताकद वाढेल?

साध्या इंजिनात नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचं अवेळी आपोआप भडकणं) टाळायची क्षमता, जास्तीची ऊर्जा नव्हे. कॉम्प्रेशन वाढवलंत किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलंत (ठिणगी लवकर पाडलीत) तर मात्र ते लागेलच.

प्रश्न : इंजिनला हात न लावता ओढ वाढेल का? माझी गाडी चेनची आहे.

मागच्या चाकाचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं करा. 42 दात्यांच्या जागी 45 घातले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क सात टक्के वाढतो. मोबदल्यात जिथे 3,000 ला जायचात तिथे आता 3,200 च्या थोडं वर. चेन लांब लागेल, आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेत असेल तर जास्त दाखवेल. खरं सांगायचं तर विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी हेच सुचवतो आणि निम्मे नाराज होतात.

प्रश्न : मोठा बोअर, कॅम, मॅपिंग सगळं झालं. टॉप गिअरमध्ये थ्रॉटल दिला की आवाज चढतो, गाडी मात्र तशीच. ट्यूनिंग चुकलं?

ट्यूनिंग नाही, क्लच घसरतोय. क्लचच्या जुन्या स्प्रिंग जुन्या टॉर्कच्या मापाच्या. सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये 2,500 ला थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोन्ही काटे बघा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेगाचा मागे राहिला तर शंका नको. आधी केबलमध्ये मोकळीक आहे ना ते तपासा, मग कडक स्प्रिंग घाला. क्लचच्या प्लेटा काळ्या पडल्या असतील तर त्याही बदला, नुसत्या स्प्रिंगने भागणार नाही.