रक्तवाहिन्या निरोगी राहण्यासाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

नको, ताटातूनच घ्या. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली शिरलेलं एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइझ झालं, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिघडलं, की पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथे चरबीचा थर साचतो. क आणि ई जीवनसत्त्व, पॉलिफेनॉल (वनस्पतींतली संयुगं) ही अँटिऑक्सिडंट हे ऑक्सिडेशन रोखू शकतात. पण २००० सालच्या ‘होप’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांत तर बीटा-कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढला. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाच्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

रोज एक पेरू (१०० ग्रॅममागे सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व), मूठभर शेंगदाणे, पालेभाजी. कोशिंबीर कच्चीच खा, शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरंच कमी होतं. टोमॅटोचं उलट: तेलात परतला की त्यातलं लायकोपीन (लाल रंग देणारं अँटिऑक्सिडंट) जास्त अंगी लागतं.