घरोघरी होणाऱ्या सर्वेक्षणाला कुठे भरभरून प्रतिसाद मिळतो, कुठे दारच उघडत नाही, असं का?

पद्धत आणि वस्ती, दोन्हींमुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) निवडलेल्या कुटुंबांपैकी ९८ टक्क्यांनी माहिती दिली. स्त्रियांचा प्रतिसाद ९७ टक्के, पुरुषांचा ९२. माणूस प्रत्यक्ष दारात येतो, घर बंद असेल तर पुन्हा येतो, म्हणून आकडा एवढा चढतो. पुरुष मागे पडतात कारण दिवसा ते घरी सापडत नाहीत. नकारापेक्षा गैरहजेरी मोठी, हे लोक विसरतात.

आता वस्ती. चाळीत किंवा गावात एका घरी बसलात की शेजारच्या काकू स्वतःहून "आमच्याकडे कधी?" विचारतात. आशाताई किंवा सरपंचांनी आधी ओळख करून दिली असेल तर निम्मं काम झालंच. टॉवरमध्ये मात्र नकार घरमालकाआधी वॉचमन देतो. सेक्रेटरीचं पत्र मिळाल्याशिवाय लिफ्टपर्यंतही जाता येत नाही. त्यामुळे श्रीमंतांचा खर्च आणि उत्पन्न आकडेवारीत कमी दिसण्याचा धोका राहतो, आणि मला हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. नकार देणाऱ्याच्या जागी दुसरं घर घेतलं तर नमुन्याची संख्या भरते, पण दार उघडणारं घर न उघडणाऱ्यासारखं असेलच असं नाही.

प्रश्नावलीची लांबीही बघा. दोन तास कोण बसेल? २०२२-२३ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात प्रश्न तीन भागांत वाटून तीन वेगळ्या भेटी ठेवल्या, तो बदल मला योग्य वाटतो.