पुण्याहून नऊ दिवसांत इंदूर ते खजुराहो आठ ठिकाणं करायची आहेत, कुठे किती दिवस द्यावेत?

ग्वाल्हेर आणि खजुराहो या वेळी सोडा. बाकीची सहा ठिकाणं तुमच्या सुट्टीत व्यवस्थित बसतात, फक्त प्रत्येकी एक दिवस या हिशोबाने नाही.

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांची रजा, दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस. तुम्ही दोघं, सत्तरीतले आई-बाबा आणि आठवीतला मुलगा. यादीत इंदूर, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन, भोपाळ-सांची, ग्वाल्हेर, खजुराहो. आईंना महाकालाची भस्म आरती हवी आहे, बाबांना रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीवर डोकं टेकवायचंय आणि चिरंजीवांना इंदूरच्या सराफ्यात हादडायचंय.

आता हेच परत वाचा. ग्वाल्हेर आणि खजुराहो घरातल्या कोणीच मागितलेलं नाही. ती दोन नावं ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर’ या खात्यातली आहेत. भोपाळहून खजुराहो पावणेचारशे किलोमीटर, ग्वाल्हेर रेल्वेनेही चार-पाच तास आणि ते पुन्हा तिसऱ्याच दिशेला. तेवढ्यासाठी सत्तरीतल्या माणसांना गाडीत कोंबू नका. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो ही वेगळी सहल आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट ग्वाल्हेरला जाते, पुढच्या वर्षी तिने जा.

नऊ हा आकडाही बाजूला ठेवा. शुक्रवारी रात्री संगमवाडीहून स्लीपर बस धरलीत तर शनिवारी सकाळी इंदूर. रविवारी पुण्यात हवं म्हणजे आदला शनिवार रात्री रेल्वेत. मुक्कामाच्या रात्री उरल्या सात, आणि वाटायच्या त्या याच. रोज नव्या गावात झोपायचं ठरवलं तर रोज सकाळी बॅगा भरा, आंघोळी उरका, हॉटेल सोडा, नव्या ठिकाणी खोली मिळेपर्यंत दुपारचे एक-दोन. पाच माणसांच्या घरात त्यात अर्धा दिवस जातो. सहलवाल्यांच्या पत्रकात ‘आठ शहरं’ छापलेलं असतं तेव्हा हे अर्धे दिवस कुठे गेले ते कोणी सांगत नाही.

मग रात्र कुठे द्यायची? माझं आजोळ इंदूरचं, त्यामुळे या पट्ट्यातली माझी पद्धत सांगते. बघायला किती आहे यावर जाऊ नका. त्या गावात जे अनुभवायचं ते कोणत्या वेळेला घडतं, ते बघा. सराफा रात्री फुलतो, दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर. भस्म आरती पहाटे चारला. महेश्वरचा घाट संध्याकाळी आणि सूर्योदयाला. या गावांना रात्र द्यावीच लागते. मांडूचं जहाजमहाल, होशंगशाहाचा मकबरा हे भर दिवसा बघायचं, म्हणून मांडूला रात्र नाही दिली तरी चालतं. सांचीचंही तसंच, भोपाळहून पन्नासेक किलोमीटर, जाऊन यायचं.

सगळ्यात आधी भस्म आरतीची तारीख पक्की करा. बाकी सगळं हलवता येतं, ती येत नाही. मंदिराच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी लागते, प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं आणि वर्षअखेरीला उज्जैनला गर्दी प्रचंड असते. ती तारीख हातात आल्याशिवाय एकाही हॉटेलला परत न मिळणारे पैसे भरू नका. आरती चारला असली तरी रांगेत मध्यरात्रीनंतर लगेचच जाऊन बसावं लागतं, आणि डिसेंबरातली उज्जैनची पहाट बोचरी असते. आईंसाठी शाल, पायमोजे, बसायला काहीतरी हवंच. त्या रात्री झोप होत नाही. म्हणून आरतीच्या आदल्या दिवशी लांबचा प्रवास नको आणि दुसऱ्या दिवशी तर काहीच नको. उज्जैनला दोन रात्री त्यासाठी. एक आरतीची, एक झोपेची.

दुसरा पेच बाबांचा. रावेरखेडी नर्मदेच्या दक्षिण काठावर, खरगोन जिल्ह्यात. बाजीराव तिथे २८ एप्रिल १७४० रोजी गेले. पुण्यात शनिवारवाड्यासमोर रोज सेल्फी काढणाऱ्या किती जणांना ही जागा माहीत असेल, असो. महेश्वरहून ओंकारेश्वरला जाणारा नेहमीचा रस्ता उत्तर काठाने बडवाहपर्यंत येतो. तिथे पुलावरून नर्मदा ओलांडली की ओंकारेश्वरकडे वळायचं. रावेरखेडीसाठी मात्र पुढे सनावदकडून आत जावं लागतं. गुगलवर आडवाट छोटी दिसते, प्रत्यक्षात अर्धा दिवस धरा. त्याच दिवशी ओंकारेश्वरचं दर्शन उरकून रात्री उज्जैन गाठायचं म्हटलंत तर बाबा समाधीपाशी पाच मिनिटं उभे राहतील आणि ड्रायव्हर घड्याळ दाखवेल. ज्यासाठी माणूस आयुष्यभर थांबला तिथे असं करू नये. म्हणून ओंकारेश्वरला एक रात्र द्या. दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी. मंदिर बेटावर आहे, पूल ओलांडून पायऱ्या चढाव्या लागतात, ताज्या पायांनी ते बरं. ममलेश्वर अलीकडच्या काठावर आहे, तेही करतातच. या दिवसांत घाटावर नर्मदा परिक्रमेला निघालेली माणसं भेटतील, त्यात मराठी पुष्कळ. आई-बाबा त्यांच्याशी बोलत बसले तर उठवू नका.

एवढं ठरलं की बाकीचं आपोआप जागेवर येतं. शनिवारी इंदूरला पोचलात की दुपारपर्यंत सगळ्यांनी झोपायचं. बसमध्ये झोप लागली असं सगळे म्हणतात, लागलेली नसते. आणि आई-बाबांना स्लीपरचा वरचा बर्थ घेऊ नका, किंवा सरळ विमान बघा. संध्याकाळी राजवाडा, रात्री नऊनंतर त्याच्याच मागे सराफा. हिवाळा आहे म्हणजे गराडू (तळलेला, मसाला लावलेला कंद) मिळेल, भुट्ट्याचा कीस कधीही. मुलाला सांगा, पहिल्याच ठेल्यावर पोट भरू नको.

रविवारी सकाळी सातला निघून शंभरेक किलोमीटरवर मांडू, आणि तिथून चाळीसेक किलोमीटर उतरून अंधार पडायच्या आत महेश्वर. रूपमती मंडपापर्यंत चढ आहे, आई-बाबांना जमलं तर ठीक, नाहीतर ते गोरखचिंचेच्या त्या अवाढव्य झाडांखाली बसतील. महेश्वरला दोन रात्री. सोमवार पूर्ण मोकळा ठेवा. इथे तुमचे यजमान म्हणतील की एवढ्याशा गावात दोन रात्री कशाला. कारण सहलीच्या मध्ये एक दिवस बॅगेला हात न लावता गेला पाहिजे. कपडे धुऊन वाळतात, आईंचे गुडघे सुटतात, मुलगा नावेत बसून नदीतल्या बाणेश्वरापर्यंत जाऊन येतो. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला आणि राजधानी इथे आणली. त्यांची साधी बैठक, शिवालयं, माहेश्वरी विणणारे माग हे सगळं घाटापासून चालत फिरण्याइतकं जवळ आहे. साड्या इथेच घ्या, इंदूरला नको.

मंगळवारी रावेरखेडी करून ओंकारेश्वर, बुधवारी दुपारपर्यंत उज्जैन. हा रस्ता एकशे चाळीसच्या आसपास किलोमीटर आहे, पण घाट आणि ट्रकमुळे चार तास धरा. बुधवारची रात्र आरतीची. गुरुवारी जाग येईल तेव्हा येईल. संध्याकाळी हरसिद्धीला जा, तिथल्या दोन्ही दीपमाळा पेटवतात तेव्हा क्षणभर जेजुरी आठवते. रामघाटावर क्षिप्रेची आरती त्याच सुमाराला असते, दोन्हीमागे धावू नका, एक निवडा.

गाडीबद्दल एक गोष्ट, इथे बरेच पैसे वाचतात. पूर्ण सहलीसाठी गाडी ठरवू नका. रविवार ते बुधवार एवढीच घ्या, इंदूरला बसायचं, उज्जैनला सोडायची. उज्जैनहून इंदूर पंचावन्न किलोमीटर, त्यामुळे रिकाम्या परतीचे फारसे पैसे लावता येत नाहीत. भोपाळपर्यंत नेलीत तर लावतात, शिवाय ड्रायव्हरचा रोजचा भत्ता. उज्जैनला महाकालाच्या आसपास मोटार जातच नाही, ई-रिक्षाच लागते. मग गाडी दोन दिवस हॉटेलबाहेर उभी करून तिचं भाडं का भरायचं?

शुक्रवारी सकाळच्या रेल्वेने भोपाळ. दुपारी जनजातीय संग्रहालय बघा, ते सोमवारी बंद असतं, तुमच्या वेळापत्रकात ती अडचण येत नाही. मुलाला तिथून ओढून काढावं लागेल. शनिवारी सकाळी सांची. भीमबेटका उलट्या दिशेला आहे, दोन्ही करायचा मोह होईल. शनिवारी रात्री गाडी पकडायची आहे हे लक्षात असू द्या, नाहीतर सांचीच्या तोरणांवरचं कोरीवकाम बघताना डोक्यात फलाट क्रमांक येत राहतो.

सात रात्रींचा हिशोब असा: इंदूर एक, महेश्वर दोन, ओंकारेश्वर एक, उज्जैन दोन, भोपाळ एक. भस्म आरतीची तारीख गुरुवारऐवजी शुक्रवारची मिळाली तर महेश्वरची दुसरी रात्र कापू नका, भोपाळचा मुक्काम काढा आणि उज्जैनहून इंदूरमार्गे परत या. सांची राहील, पण सांची झेलमच्याच मार्गावर आहे, ग्वाल्हेरच्या सहलीत भोपाळला उतरून ती जोडता येते. भोपाळहून पुण्याचं शनिवारचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नाताळच्या आठवड्यात ते पहिल्या सकाळीच घ्या आणि आई-बाबांना खालचे बर्थ मागून घ्या.