योजना गावात पोचली का, हे मानवशास्त्रानं कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'नांदेडला एमएसडब्ल्यू करतोय. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहांचं मूल्यमापन करायचं आहे. गाइड म्हणतात, मानवशास्त्राची पद्धत वापर. प्रश्नावलीपेक्षा तिच्यात वेगळं काय? आणि चार घरांत बसून अख्ख्या योजनेबद्दल काही बोलता येतं का?'

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. काही वर्षं सर्वेक्षणाची कामं केली आहेत, आणि हा फरक मला पुस्तकाआधी एका बाईनं शिकवला.

आमच्या फॉर्मात दोन रकाने होते: 'रोजची मजुरी' आणि 'महिलेचं स्वतंत्र उत्पन्न'. धारूरकडच्या एका गावात मी तिला मजुरी विचारली. ती म्हणाली, "रोज कुठला बाई, आमचा कोयता हाय." मी सरासरी काढली, तिला दोननं भागलं, रकाना भरला आणि पुढच्या घरी गेले. असे कितीतरी फॉर्म मी भरले. ते सगळे चुकीचे होते.

कोयता म्हणजे फक्त हत्यार नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, जोडीला उचल (आगाऊ रक्कम) देतो, आणि मग टनाच्या हिशेबानं ती फेडायची. उचल बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडते. ती घराच्या स्लॅबला, लग्नाला नाहीतर जुन्या देण्याला जाते, आणि बाई पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून ती फेडत राहते. एखादा दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याचा दंड पुन्हा उचलीवर चढतो. या बाईला 'तुझं स्वतंत्र उत्पन्न किती' असं विचारणं म्हणजे तिच्या जगात नसलेल्या गोष्टीचा आकडा मागणं. ती सौजन्यानं काहीतरी सांगते. आपण तो आकडा संगणकात भरतो. मग त्याचा तक्ता होतो आणि तक्त्यावरून धोरण ठरतं.

माझ्या मते मानवशास्त्राचं मूल्यमापनातलं पहिलं काम हेच. लोक स्वतःचं आयुष्य कोणत्या मापानं मोजतात ते आधी शिकायचं, प्रश्न नंतर. त्याला वेळ लागतो. माणसांत राहावं लागतं, नुसतं बसून राहावं लागतं.

याचा अर्थ आकडे नकोत असा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा विषय पुढे आला, तेव्हा शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. हा आकडा नसता तर 'असं एखाद्या ठिकाणी घडत असेल' म्हणून विषय मिटला असता. पण तिशीतली बाई हा निर्णय का घेते, हे आकड्यात दिसत नाही. त्यासाठी कोपीत, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, जाऊन बघावं लागतं. तिथं मोरी नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची, आणि डोक्यावर खाड्याचा धाक. हे पाहिलं की दोष फक्त दवाखान्यात शोधणारं धोरण अपुरं का पडतं ते कळतं.

आता तुमची वसतिगृहं. सगळ्यात आधी हंगामाचं कॅलेंडर समोर ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. जूनमध्ये गेलात तर सगळे घरी असतात आणि 'योजना चांगली आहे' म्हणतात. जानेवारीत गेलात तर ज्यांना योजनेचा उपयोग झाला नाही ते उत्तर द्यायला गावातच नसतात. म्हणून गावाइतकाच वेळ फडावर, म्हणजे ऊस तोडतात त्या शेतात, द्या. जे लेकरू वसतिगृहात राहिलं नाही तेच तुम्हाला जास्त सांगेल.

मी पाहिलेल्या गावांत वसतिगृह म्हणजे बहुतेक वेळा शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला आजीचं घर. हजेरीपटावर ते वसतिगृहच. जेवण चांगलं होतं, शिक्षक मनापासून करत होते. तरी दहा-अकरा वर्षांच्या मुली निघून जायच्या. गळती म्हणून त्यांची नोंद व्हायची आणि कारण लिहिलं जायचं 'पालकांची उदासीनता'. या दोन शब्दांचा मला आजही राग येतो. एका आईला मी फडावर भेटले. मोठी मुलगी कोपीपाशी तान्ह्या भावाला घेऊन बसली होती. आई म्हणाली, "हिला ठिवली असती, पण ह्याला कुणाजवळ ठिवू?" तिच्या हिशेबात कुठंही चूक नव्हती. मुलीची शाळा सुटत होती ती फडावर पाळणाघर नाही म्हणून. वसतिगृहाच्या खोल्या, ताटं, गाद्या कितीही मोजल्या तरी हे कारण सापडलं नसतं, कारण ते योजनेच्या बाहेर होतं.

थोड्या मोठ्या मुलींचं कारण आणखी वेगळं. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची भीती. ती भीती पुढे लवकर लग्नाकडे जाते, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. याबद्दल घाईनं विचारू नका. बायका स्वतःहून बोलतील तेव्हाच ऐका.

चार घरांवरून टक्केवारी सांगता येत नाही, आणि तुम्ही ती सांगूही नका. चार घरांवरून कारणाची साखळी मात्र सांगता येते. ती चारशे घरांत लागू आहे का, हे नंतर फॉर्मानं तपासा. तोवर फॉर्ममधला प्रश्नही बरोबर झालेला असेल: 'मुलगी का नेली?' याऐवजी 'तान्हं कोण सांभाळतं?'

हे काही नवं खूळ नाही, गाइडना हेही सांगा. सामुदायिक विकास कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, तेव्हा नियोजन आयोगानं मूल्यमापनाची वेगळी संघटना उभी केली, आणि श्यामाचरण दुबे या मानवशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत त्या कार्यक्रमाचं काय होतंय ते जवळून पाहिलं. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी जाई निंबकरांबरोबर कोयना धरणाच्या विस्थापितांचा अभ्यास केला. आणि मराठवाड्यातलंच हवं असेल तर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात जा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं जमिनीच्या प्रमाणात दिली गेली. भूमिहीन आणि अगदी कमी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सगळ्यात मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. यादीत सगळ्यांपुढे 'घर मिळालं' एवढंच. खाणारी तोंडं किती, जनावर कुठं बांधायचं, दुसऱ्या सुनेची चूल कुठं, हे त्या नियमात नव्हतं. त्या घरांना पुढे लोकांनी काय काय जोडून घेतलं ते बघा. मूल्यमापन त्या पत्र्यांच्या शेडमध्ये लिहिलेलं आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. फडावर मुकादमाला विचारल्याशिवाय शिरता येत नाही, पण तो शेजारी उभा असताना मिळालेली उत्तरं वेगळी लिहा, त्यावर निष्कर्ष काढू नका. संध्याकाळी चुली पेटल्यावर पुन्हा जा, शक्यतो मैत्रिणीला सोबत घेऊन. आणि वहीत टोळीचं, गावाचं, बाईचं नाव लिहू नका. तिची उचल अजून फिटलेली नसते, पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे तिला जायचं असतं.

पहिली फेरी दसऱ्याच्या आधीच करा. मग टोळी निघते त्या दिवशी ट्रकपाशी उभे राहा. कोणतं लेकरू वर चढलं, कोणतं खाली राहिलं आणि खाली राहिलेल्याचा हात कोणी धरला, एवढंच त्या दिवशी लिहा. कारणं पुढच्या भेटीत विचारा.