ताट तिचं आहे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "काका, ऑपरेशन झाल्यावर तिच्या खाण्यावर मी लक्ष कसं ठेवू?" त्याआधी तू मला तुझा तक्ता वाचून दाखवलास. किती मिलिलिटर, किती ग्रॅम, किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात तुझी सही. वाचताना तुझा आवाज कापत होता. बायकोवर तुझा जीव आहे हे मला कुणी सांगायला नको. म्हणून धीर देण्यात कागद घालवत नाही. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करावं की नाही, हा विषयही संपलेला आहे. तिने आणि डॉक्टरांनी ठरवलंय. तुझ्या प्रश्नाचं तेवढं उत्तर देतो. लक्ष ठेवू नकोस. ताट तिचं आहे.

हे तुला बेफिकिरीचं वाटेल. तसं नाही. आपल्याकडे जाड मुलीचं ताट कधीच तिचं एकटीचं नसतं. "दुसरी पोळी घेतेस?" असं टोकणारी आत्या आणि "एवढी एक जिलबी तर घे, उद्यापासून कर डाएट" असा आग्रह करणारी आत्या एकच असते, आणि दोन्ही एकाच पंगतीत घडतं. तुझ्या बायकोने शाळेपासून हे सोसलंय. जेवताना कुणीतरी आपल्या हाताकडे बघतंय, याची तिला इतकी सवय झालीय की ती चारचौघांत नीट जेवतच नाही. हे तूच मला सांगितलंस. आणि आता तू, ज्याच्यासमोर ती निवांत जेवत होती असा बहुधा एकटाच माणूस, तक्ता घेऊन उभा राहणार?

डॉक्टरांनी समजावलं असेल, पण त्या गडबडीत अर्धं कानाबाहेर जातं, म्हणून लिहितो. तिचं होणार आहे ते स्लीव्ह ऑपरेशन. त्यात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच भूक चाळवणारं ग्रेलिन नावाचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं. म्हणजे जागा कमी होतेच, भूकही बरीच मंदावते. जे काम तू तक्त्याने करू बघतोयस ते सर्जनने आतून केलेलं असतं. पहिल्या महिन्यांत बायको जास्त खाईल ही तुझी भीती अस्थानी आहे. ती पुरेसं पाणी तरी पिऊ शकेल का, खरी काळजी ती असते.

आणि "मनावर घेतलं असतं तर डाएटने झालं असतं" असं म्हणणाऱ्यांसमोर तू गप्प बसतोस, ते मला आवडलेलं नाही. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरायला लागतं. उतरलेलं वजन पुन्हा चढतं ते मुख्यतः यामुळे. तुझ्या काकूने पॅकेजं, पावडरी, लिंबूपाणी-मध यांत उमेदीची कितीतरी वर्षं घालवली. तोवर साखरेने नसा बधिर झाल्या होत्या आणि गुडघे गेले होते. वजनासाठीचं बायपास, म्हणजे जठर छोटं करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन, झाल्यावर साखर आटोक्यात आली, पण पायांची ती बधिरता परत फिरली नाही. ती वर्षं मला आजही सलतात. इच्छाशक्ती, इच्छाशक्ती म्हणून तिला छळणाऱ्यांपैकी एकही जण तिच्या पायांना तेल चोळायला आला नाही.

तुझ्या हातांना काम हवंय ना? पॉलिसीची पानं वाच. 2022 मध्ये अमेरिकेच्या आणि आंतरराष्ट्रीय, वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, बॅरिअ‍ॅट्रिक संघटनांनी मिळून 1991 पासूनचे जुने निकष बदलले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 35 च्या वर असेल तर दुसरा आजार असो वा नसो, ऑपरेशनची शिफारस करावी, आणि आशियाई लोकांमध्ये 25 च्या वर स्थूलता धरावी आणि 27.5 पासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा, असं त्यात आहे. आपल्या विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांत मात्र अट आहे ती बीएमआय 40 ची, किंवा 35 च्या वर असून सोबत गंभीर आजार असण्याची. त्या आजारांत काबूत नसलेला टाइप 2 मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया येतात. आधी साधे उपाय करून ते फसले, हेही दाखवावं लागतं. तिचा बीएमआय 36 आहे. म्हणजे तिचे एचबीएवनसीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) जुने रिपोर्ट, स्लीप स्टडीचा अहवाल, मागच्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, हे सगळं फाइलला लागलं पाहिजे आणि मंजुरी आधी मिळवली पाहिजे. हे काम तुझं. ताट तिचं.

आता ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे. तांदूळ, पोळी, साखर जवळजवळ बंद आणि प्रथिनांवर भर, असा आहार देतील. तुझ्या आईला वाटतंय की ही पोरीची परीक्षा आहे. परीक्षा वगैरे काही नाही. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो, आणि चरबी साठून तो मोठा झाला असेल तर दुर्बिणीने काम करणाऱ्या सर्जनला तो उचलून धरणं अवघड जातं. या आहाराने यकृत आक्रसतं. एवढंच कारण. आईला हे नीट सांग, म्हणजे ती "आज एक दिवस चालतंय गं" म्हणणार नाही आणि "कशी गं राहवत नाही तुला" असंही म्हणणार नाही. ते दोन आठवडे घरात वडे तळले जाणार की नाही, हे बायकोला विचार. काहींना वासाने त्रास होतो, तर काहींना आपल्यासाठी सगळं घर उपाशी बसलंय याचाच जास्त त्रास होतो. तुझ्या काकूने मला स्पष्ट सांगितलं होतं, "तू नेहमीसारखं जेव, मला सुतक नको." मी जेवलो. चोरून नाही, तिच्यासमोर बसून.

दवाखान्यात जाताना तिचं सीपॅप मशिन, झोपेत श्वास मोकळा ठेवणारं, न्यायचं विसरू नकोस. पाय ठेवायला खोलीत जागा नसली तरी तू थांब. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी चालायला लावतात, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. तेव्हा सलाइनचा स्टँड धरून सोबत चाल, ओढू नकोस. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखेल, त्याने घाबरू नका. तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र देतील, निळ्या नळीचं. बरेच जण त्यात फुंकर मारत बसतात. फुंकायचं नसतं, हळू आत ओढायचं असतं, म्हणजे गोळ्या वर चढतात. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या बाई दोन दिवस फुंकतच होत्या, आणि त्यांच्या नवऱ्याचं सगळं लक्ष त्या किती घोट प्यायल्या इकडे.

घरी आल्यावर आधी पाण्यासारखं पातळ, मग दाट पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, असा क्रम असतो. नेमकं तुमचे डॉक्टर सांगतील तेच. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण असतं ना, तेवढं पाणी हळूहळू, घोट घोट करत. मुगाचं कढण, वरणाचं पाणी, ताक. पुढे पनीर, अंडं. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं, आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग. हे तिला पाठ आहे. तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, कारण पोट तिचं आहे. तू एकच कर. तिला छोटी वाटीभर कढण संपवायला पाऊण तास लागेल, तो पाऊण तास तिच्यासोबत बस. मोबाइल बाजूला ठेव. क्रिकेटबद्दल बोल, शेजाऱ्यांबद्दल बोल. वाटीत किती उरलंय ते बघू नकोस.

मऊ आहाराच्या दिवसांत एकदा काकूच्या बशीत अर्धं उकडलेलं अंडं होतं. आमच्या सूनबाईने आत मेथीला लसणाची फोडणी दिली. काकू चमचा खाली ठेवून रडायला लागली. म्हणाली, "भूक मुळीच नाही रे. पण जेवायचंय." माणूस पोट भरायलाच नुसतं जेवत नाही. सण, माहेर, मैत्रिणी, थकून आल्यावरचा चहा-खारी, हे सगळं एकदम तुटतं आणि त्याचं दुःख होतं. त्या वेळी "बघ, किती बारीक झालीस" असं म्हणू नकोस. उपाय सुचवू नकोस. मी नुसता बसून राहिलो होतो, आणि तेवढंच पुरलं.

आता आग्रहाचं. इथे मी माघार घेत नाही, कुणी काहीही म्हणो. गौरीच्या जेवणाला दादाकडे गेलो होतो. वहिनींनी नको नको म्हणताना काकूच्या वाटीत बासुंदी ओतली. बायपासनंतर एवढी साखर पोटात गेली तर ती झपाट्याने आतड्यात उतरते, धडधडतं, घाम फुटतो, जुलाब होतात. मी हे सांगितलं. त्यावर दादा सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तिचं पोट कापलंय, तिला वाढू नका." काकूने ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. मी पानावरून उठलो आणि आम्ही निघालो. तेव्हापासून दोन्ही घरांत जेवढ्यास तेवढं आहे. काकू नंतर म्हणाली, जरा दमाने घेतलं असतंस तरी चाललं असतं. मला नसतं चाललं. दादा आता थकलाय, त्याच्याकडे जाणं होत नाही याची हळहळ आहे. तरी तो प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा उठेन. कुणाला सांगायचं, काय सांगायचं, हेही तिच्या ताटातलंच आहे. तू ऑफिसात दोघांना सांगून बसलायस म्हणे. आता तिसऱ्याला तिला विचारल्याशिवाय सांगू नकोस.

पुढचं थोडक्यात. मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशननंतर लगेच कमी कराव्या लागतात, साखर मोजत राहा आणि डॉक्टरांना कळवा. तीन-चार महिन्यांनी केस गळतील, मोरीत पुंजके दिसतील. बहुतेकांचे पुन्हा येतात. मध्येच वजन आठवडेच्या आठवडे हलणार नाही. बी12, लोह, कॅल्शियम, डी, या गोळ्या जन्मभराच्या. आठवण करून द्यायची का, हे तिला विचार. हो म्हणाली तर दे, नाही म्हणाली तर गप्प बस. आणि मूल एक ते दीड वर्ष नाही. वजन झरझर उतरत असताना गर्भाचं पोषण जोखमीचं असतं. याबद्दल तुझ्या आईशी तू बोलायचंस, बायकोला पुढे करायचं नाही.

काही वर्षांनी थोडं वजन परत येतं, पुष्कळांचं येतं. त्या दिवशी तुझ्या तोंडून "पुन्हा सुटायला लागलीस" हे वाक्य निघालं, तर आजवरचं सगळं पाण्यात गेलं असं समज.

स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्या हजारो लोकांचा माग काढून 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकटे असलेल्यांना जोडीदार मिळण्याचं प्रमाण वाढलं, आणि जोडीत असलेल्यांमध्ये वेगळं होण्याचंही वाढलं. तुला घाबरवायला सांगत नाही. बहुसंख्य जोड्या एकत्रच राहिल्या. पण माझं मत विचारशील तर, ज्या घरात एक जण राखण करतो आणि दुसरा राखला जातो, तिथे राखलेल्या माणसाच्या पायांत बळ आलं की तो आधी राखणदारापासून दूर जातो. ती चालायला लागेल, लोकलला उभी राहील, नवे कपडे घेईल, एकटी ट्रेकला जाईन म्हणेल. जाऊ दे.

एकाच ठिकाणी माझं वरचं सगळं बाजूला ठेव. नाडी 120 च्या पुढे राहतेय, ताप आलाय, पोटात किंवा छातीत दुखणं वाढतंय, धाप लागतेय, पोटरी सुजून दुखतेय, शौचाला काळं होतंय, पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाही, यातलं काहीही दिसलं तर तिला विचारत बसू नकोस. ती "सकाळी बघू" म्हणेल. गाडी काढ आणि ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात ने. टाके शिवलेल्या जागेतून गळती झाली तर तासांचा हिशेब असतो. सततच्या उलट्यांनी बी1 संपून मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा "ऑपरेशननंतर उलट्या होतातच" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. आणि अंग दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नकोस, आधी विचार.

गुरुवारी आहारतज्ज्ञांकडे जाताय ना? आत दोघं जा, पण प्रश्न तिला विचारू दे. तक्ता तिला हवा असेल तर तिच्याकडे दे आणि तुझ्या सहीचा रकाना खोडून टाक. तुझ्या आईशी मी रविवारी बोलतो. विम्याची मंजुरी आली की कळव.

तुझा काका