आई काय म्हणते ते लिहून घे

प्रिय डॉक्टर,

ग्रामीण रुग्णालयात रुजू झालास, छान वाटलं. नवजात बाळ तपासण्याची ‘चेकलिस्ट’ पाठवा म्हणतोस. ती भिंतीवर लावलेली असेलच. डोक्यापासून पायापर्यंत, फाटलेली टाळू, शीची जागा, सगळं त्यात आहे. मी सांगतो ते तिथं नसतं. आई काय म्हणते ते केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिही.

१९४१ साली सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. आदल्या वर्षी तिथे रुबेलाची, म्हणजे अंगावर पुरळ आणणाऱ्या विषाणूच्या आजाराची, साथ होती. दवाखान्यात बसलेल्या आया आपसात बोलत होत्या, दिवस असताना अंगावर पुरळ आलं होतं म्हणून. ते त्याच्या कानावर पडलं आणि मग तो एकेकीला विचारत गेला, असं सांगतात. पुरळ दोन-तीन दिवसांत जातं, बाई विसरून जाते. पण ते पहिल्या तीन महिन्यांत झालं असेल तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय तिन्ही धोक्यात येतात. आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, तीही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तुझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आया तेव्हा त्याहून मोठ्या होत्या. म्हणून पुरळाचं विचारच. आणि ही लस गरोदरपणी देता येत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेची काळजी आधीच घ्यायला सांग.

‘बाळ फार गुणाचं आहे, रडतच नाही’ असं आजी कौतुकाने म्हणाली की मला धडकी भरते. थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नसलेलं बाळ असंच असतं: झोपाळू, बद्धकोष्ठ, कावीळ रेंगाळलेली. बहुतेकदा तर पहिल्या दिवसांत काहीच दिसत नाही, म्हणून जन्मानंतर ४८ तास उलटले की टाचेतून रक्त घेऊन तपासायचं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी वाचते. गोळी स्वस्त आहे; उशीर मात्र पुढे भरून निघत नाही.

काविळीवरून आठवलं. दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळे असतील तर शीचा रंग विचार. पांढुरकी, मातकट असेल तर ‘कोवळं ऊन दाखवा’ म्हणून घरी पाठवू नकोस. पित्तनलिका बंद असतील तर शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झालेली बरी, आणि त्यातले निम्मे दिवस रेफर करण्यातच जातात.

जंतुसंसर्गाचंही तेच. इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. ‘कालपासून ओढून पीत नाही’, ‘रडणं बारीक झालंय’, ‘हातपाय ढिले सोडतंय’. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या आरोग्यदूतांना अशीच लक्षणं ओळखून घरीच प्रतिजैविक द्यायला शिकवलं. नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. गावातली बाई हे ओळखते, तर तुझी एमबीबीएस आड येऊ देऊ नकोस!

आणि बाळाच्या डोळ्यात उजेड टाकून लाल चमक दिसते का, म्हणजे मोतीबिंदू तर नाही ना, हे पाहायला ऑफ्थॅल्मोस्कोप लागतो. तो कपाटात असेल, सेल संपलेले असतील. दोन सेल स्वतःच्या खिशात ठेव.

तुझा,
सर