प्रश्नकार्डाची मागची बाजू

कोल्हापूर

नव्या सरांस,
सप्रेम नमस्कार.

सातवीच्या गणिताच्या घटक चाचणीचे काही प्रश्न मुलांकडून काढून घ्यायचं ठरवलंत, बरं केलंत. फक्त ‘उद्या पाच-पाच प्रश्न काढून आणा’ असं सांगू नका. पुस्तकातल्या उदाहरणांचे आकडे बदलून आणतील, तेही आईकडून लिहून.

काम वर्गातच, दोन तासिकांत. चाळीस मुलं असतील तर चौघांचे दहा गट. गटाला एकच कार्ड. पुढे प्रश्न आणि चार पर्याय. मागे उत्तर, रीत आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून येतो ते. खरा अभ्यास त्या मागच्या बाजूला होतो.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं, तेव्हा नमुना तिथलाच द्या: ‘पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीवर आहे. पाणी तासाला 4 इंच चढतंय. 43 फुटांची धोका पातळी किती तासांत गाठेल?’ उत्तर 12. चुकीचे पर्याय म्हणून मुलं आधी 11, 13, 100 असं काहीही लिहितील. खोडायला लावा. फुटांचे इंच न करता 4 ला 4 नं भागलं की 1 येतो. फुटात 10 इंच धरले की 10. भागायच्या जागी गुणलं की 16. आता कुणी 10 वर खूण केली, तर त्याचं कुठं अडलंय ते तपासतानाच कळतं.

दुसऱ्या तासिकेला कार्डं शेजारच्या गटाकडे. मागं न बघता सोडवायचं. उत्तर जुळलं नाही, तर बहुतेक वेळा प्रश्नच ढिला असतो: तासाला की दिवसाला, हे लिहायचं राहिलेलं. ‘वेग तोच राहिला तर’ हेही घालायला लावा. वरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर काय, असं विचारणारं एक कार्टं वर्गात असतंच, आणि त्याचं बरोबर असतं.

पेन गटातल्या हुशार मुलाकडे देऊ नका. त्यानं बोलायचं, गणितात कच्च्या असलेल्यानं लिहायचं. बरोबर उत्तर ‘ब’ किंवा ‘क’मध्ये लपवायची मुलांना खोड असते, म्हणून पर्याय चढत्या क्रमानंच.

पेपर फुटायची भीती? दहाही कार्डं आधीच वर्गात लावून टाका. 20 पैकी 6 गुणच त्यांतले ठेवा, तेही आकडे बदलून: 37 फुटांपासून, तासाला 3 इंच. उत्तर 24, पर्याय त्याच चुकांचे, 2, 18, 20. पाठ केलेलं 12 तिथं सापडतच नाही.